घासून काढलेला नंबर

११ मे १९९७, रविवार. नोएडा

ही डायरी विम्याच्या एजंटाने नववर्षाला दिली होती. आजपर्यंत कोरी होती. इंदुमती म्हणाली, "दिवसभर जे पुटपुटत बसता ते यात लिहा, मी तरी सुटेन." लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर बायकोला माझ्यापासून सुटका हवी आहे, हे निदान स्पष्ट झालं.

मार्चअखेर मी मंडळातून बाहेर पडलो. सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स मंडळात एकोणतीस वर्षं इंजिनियर होतो. उदारीकरण आलं आणि साहेबलोकांना एकदम शोध लागला की आमची गरज नाही. 'गोल्डन हॅंडशेक' म्हणे. हात मिळाला, सोनं कुठे होतं ते दिसलं नाही. शेवटचे तीन महिने तर कामच दिलं नाही, नुसतं या ना त्या समितीवर बसवलं. फायलींचा ढीग यायचा आणि मी चहा पिता पिता सह्या ठोकायचो. एकदा जेवणाच्या सुट्टीआधी चाळीस केल्या. त्यात वाचण्यासारखं काय असणार?

सरोजिनी नगरचं क्वार्टर सुटलं आणि इथे येऊन पडलो. तिसरा मजला. बिल्डरने नकाशात लिफ्ट दाखवली होती, तिथे चौकोनी भोक आहे आणि लोक त्यात केळ्याच्या साली टाकतात. नळाला खारं पाणी. लाइट गेली की शेजारचा खुराना गॅलरीत जनरेटर लावतो आणि धूर आमच्या देवघरात येतो. याला नवं शहर म्हणतात. मला किळस येते.

संध्याकाळी पहाडगंजहून मीनाक्षीवहिनींचा फोन आला. माझा मित्र बळवंत खांबेटे याची ही बायको. बळवंत मंडळात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. चार वर्षांपूर्वी गेला. वहिनी घरीच कंपोजिंगचं काम करतात. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, आपल्या लोकांच्या गणेशोत्सवाची स्मरणिका. हे सगळं ज्या यंत्रावर चालतं ते बळवंतनेच बनवलेलं आहे. ते काल बंद पडलं.

१४ मे, बुधवार

स्टेशनसमोरच्या गल्लीत आडवा बसलेला बैल, दोन कळकट गोरे आणि एक उघडं गटार ओलांडून वहिनींच्या जिन्यापर्यंत पोचलो. यंत्र उघडलं. शनिवारी व्होल्टेज एकदम चढलं, त्यात अक्षरांची चिप जळाली आहे. बाकी यंत्र ठणठणीत आहे.

पण त्या एका चिपमध्येच बळवंतची सगळी अक्षरं होती. १९८५ साली आम्ही देवनागरी यंत्रं बनवली ती हिंदी कचेऱ्यांसाठी. बळवंतने साहेबांशी भांडून त्यातली तीन मराठीची केली. चौकटीच्या कागदावर एकेक टिंब भरत तो आपल्या वळणाचे ल आणि श काढायचा. ळ तर त्याने सतरा वेळा काढला. माझ्या आडनावात ळ आहे, म्हणून दर वेळी मला दाखवायचा. "बघ विन्या, आता देवस्थळी झालास." एरवी दिल्लीत मी जन्मभर देवस्थलीच आहे. पुढे प्रकल्प गुंडाळला, तेव्हा तीनपैकी एक यंत्र बळवंतने लिलावात घेतलं. तेच हे.

वहिनी म्हणाल्या, "रेवती म्हणतेय, आई, कॉम्प्युटर घेऊ या, त्यात हिंदी फॉन्ट असतात." रेवती त्यांची मुलगी, गुडगावला नोकरी करते. "तिचंही चूक नाही. मी तिला गणपतीपर्यंत थांब म्हटलंय. स्मरणिका यांच्या अक्षरांत निघाली तर यंत्र राहील. नाहीतर कबाडीला देऊन टाकू."

गणपती सहा सप्टेंबरला आहेत. मी म्हटलं, "वहिनी, पंधरा दिवसांत चालू करून देतो."

चिपवर कंपनीचं नाव नाही, कंपनीचा नंबर नाही. नसणारच, ते मीच घासून घेत असे. परदेशातून आलेल्या प्रत्येक चिपचं कपाळ सॅंडपेपरने साफ करायचं आणि पांढऱ्या रंगात आमचा घरचा नंबर घालायचा, अशी मंडळाची पद्धत होती. खाजगीवाल्यांना नक्कल करता येऊ नये, हा हेतू. हे काम माझ्याइतकं चोख कोणी केलं नाही. बळवंत कुरकुरायचा, "उद्या दुरुस्तीला आपणच बसलो तर?" मी म्हणायचो, रजिस्टर आहे ना!

आणि आहेच. कोणता घरचा नंबर म्हणजे कोणाची कोणती चिप, हे सगळं त्या रजिस्टरात आहे. अक्षरांची चित्रं बळवंतच्या पाच वह्यांत आहेत. तो गेल्यावर त्या वह्या मीच वहिनींकडून नेऊन ऑफिसच्या लायब्ररीत जमा केल्या. सरकारी मालमत्ता घरात राहिली असती तर ग्रॅच्युइटी अडली असती. आता मंडळात जायचं, वह्या काढायच्या, नवी चिप भरून घ्यायची. संपलं काम.

वहिनींनी चहात वेलची घातली होती. दिवसभरात सहन होण्यासारखी तेवढीच एक गोष्ट झाली.

२० मे, मंगळवार

लायब्ररी नाही!

तिच्या जागी 'मार्केटिंग सेल' आहे. काचेचं दार, प्लास्टिकची झाडं आणि टाय लावलेले तिघे जण, ज्यांना ट्रान्झिस्टर म्हणजे गाणी ऐकायचा डबा एवढंच ठाऊक. मी पुस्तकांचं विचारलं तर एक म्हणाला, "अंकल, यहां तो ऐसा कुछ नहीं है." अंकल!

रेकॉर्डला डबासजी अजून आहेत. म्हणाले, "देवस्थली साहब, सब कंडम हो गया. किताबें, रजिस्टर, पुरानी मशीनें. फरवरी में." कंडम करणं म्हणजे काय, हे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तीन जणांची समिती बसते, निरुपयोगी वस्तूंच्या यादीवर सह्या करते आणि कबाडी सगळं वजनावर उचलून नेतो.

मी विचारलं, "कौन थे वो तीन?"

डबासजींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "फाइल ऑडिट में है, साहब. आएगी तो दिखा दूंगा. आप चाय पियो."

मी चहा प्यायलो नाही. पंचवीस वर्षांची डेटाबुकं, म्हणजे कंपन्यांनी छापलेली चिपांची माहितीपुस्तकं, आमचं रजिस्टर, बळवंतच्या वह्या. आणि तीन गाढवांनी न बघता सह्या केल्या. त्यांना काय घेणं? परत येताना ब्लूलाइन बसमध्ये मी मोठ्याने म्हणालो, "हात झडोत मेल्यांचे." शेजारच्याने नुसतं वळून पाहिलं. दिल्लीत मराठी माणसाला एवढं एकच सुख आहे. कोणाच्याही तोंडावर काहीही बोला, कळत नाही कोणाला. मी आणि इंदुमतीने या सुखाचा भरपूर उपभोग घेतला आहे.

२ जून, सोमवार

वह्या गेल्या (वहिनींना अजून सांगितलेलं नाही), तरी दुसरी दोन मराठी यंत्रं होती. ती त्याच फेब्रुवारीत मायापुरीच्या गुलाटी नावाच्या कबाड्याकडे गेली, एवढं डबासजींनी सांगितलं होतं. गुलाटी म्हणाला, लोखंड मी ठेवलं, आतली चिपांची कार्डं करोल बागला गेली. चिपच्या आत सोन्याचे केसासारखे धागे असतात, ते तिथे गाळून काढतात. म्हणजे गोल्डन हॅंडशेकमधलं सोनं अखेर करोल बागेत निघतं तर.

इंदुमतीला तिथेच साड्या बघायच्या होत्या म्हणून तीही आली. बाजारामागच्या गल्लीत चार मजले चढून गच्चीवर गेलो. ऊन मी म्हणत होतं. एका शेगडीवर तवा, तव्यावर आमची हिरवी कार्डं तापत होती. शिसं वितळलं की पकडीने चिप उपटायची. पलीकडे तेजाबाची टबं, त्यांतून पिवळा धूर. घशात जो वास बसला तो घरी येऊन दोनदा चूळ भरली तरी गेला नाही.

एक पस्तिशीची बाई डालडाच्या डब्यांत चिपा निवडत बसली होती. कौशल्या नाव, असं कोणीतरी हाक मारली त्यावरून कळलं. बोटं पिवळीकाळी, सालटं निघालेली. मी इंदुमतीला म्हटलं, "शी! हात बघ हिचे. ही माणसं आहेत की कोण? कशाची माती करतायत याची अक्कल तरी आहे का?"

"हळू बोला हो."

"इथे कळतंय कोणाला!"

बाई मान खाली घालून निवडत होती. मी हिंदीत विचारलं, घरचा नंबर कागदावर लिहून दाखवला, अ-३१ म. तिने एक डबा उपडा केला, बोटाने चिपा सारत गेली आणि दोन काढून माझ्या हातावर ठेवल्या. दोन्हींच्या डोक्यावरच्या काचेच्या खिडकीवरची चिकटपट्टी जागेवर होती, म्हणजे उन्हाने आतली अक्षरं पुसली गेली नसणार. नंबराशेजारचा तो मराठीचा म बळवंतच्या हातचा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेजाबाचा धूर असेल.

बाई म्हणाली, "साब, दो किसम के हैं. दोनों का पेट अलग है. बताऊं?"

मी म्हटलं, "तुम अपना काम करो." आता ही मला चिप शिकवणार! हिंदीसुद्धा धड नव्हतं तिचं. कुठल्या बिहारकडची असेल.

५ जून, गुरुवार

दोन चिपा हातात आहेत आणि एकही बसवता येत नाही.

आमच्या वेळी परवाना मिळेल तसा माल यायचा. अक्षरांच्या चिपा दोन अमेरिकन कंपन्यांकडून आल्या. दिसायला सारख्याच, चोवीस पायांच्या. पण एकीला एकच वीजदाब लागतो, दुसरीला तीन लागतात. यंत्रातल्या तारांची जोडणी त्याप्रमाणे बदलावी लागते. एका दाबाची चिप तीन दाबांच्या जोडणीत बसवली तर क्षणात मरते. आम्ही दोन्हींना एकच घरचा नंबर दिला होता, कारण खरं नाव रजिस्टरात होतं.

वहिनींच्या यंत्रातली जोडणी एका दाबाची आहे. पण आणलेल्या दोघी कोणत्या? त्यासाठी त्या तीन दाबांवाल्या कंपनीच्या डेटाबुकातली पानं हवीत. पायांची मापं, आतली रचना, म्हणजे मीटर लावून काही ठरवता येईल.

इथल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत ते डेटाबुक सापडलं. धूळ पुसून उघडलं. नेमकी हवी ती सहा पानं ब्लेडने कापलेली! कापणाऱ्याचा हात इतका जड की पुढच्या चार पानांवर चीर गेली आहे. आम्हीही कधी एखादं पान आणायचो, पण ते कामासाठी असायचं आणि पट्टी धरून कापलेलं असायचं. या देशात कसलीच चाड राहिलेली नाही.

२३ जून, सोमवार

माझा भाचा अनुराग गुडगावला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. म्हणाला, "मामा, सिंपल है. इंटरनेटवर सगळं मिळतं. ई-मेल टाकू." त्याच्या ऑफिसात इतका गारठा की जूनमध्ये मुलं स्वेटर घालून बसली होती. बाहेर शेतात म्हशी आणि आत कॉफीचं यंत्र.

आठ दिवसांनी उत्तर आलं, ते वाचायला आज पुन्हा गेलो. कंपनीने तो माल बनवणं दहा वर्षांपूर्वी बंद केलं, कागदपत्रं ठेवलेली नाहीत, आमच्या नव्या उत्पादनांची माहिती सोबत जोडत आहोत, आपला दिवस शुभ जावो. सोबत बावीस पानी जाहिरात होती. अनुरागने ती रंगीत छापूनही दिली.

"यार मामा, इतकं कशाला? त्या काकूंना कॉम्प्युटर घेऊन द्या ना," तो म्हणाला. "ल काय आणि श काय, वाचता आलं म्हणजे झालं."

मी उठून आलो. बस दीड तास मिळाली नाही.

६ जुलै, रविवार

दर्यागंजच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं मांडतात. सकाळी सातपासून उभा होतो. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, त्यात कोणीतरी पायावर पानाची पिंक टाकली. पण मिळालं! एका गठ्ठ्यात डेटाबुकाची सुटी पानं. वरची कड वाळवीने खाल्ली आहे, त्यामुळे कंपनीचं नाव नाही. पण चोवीस पाय, तीन दाब, काचेची खिडकी, सगळं जुळतं.

घरी येऊन चिपांची मापं घेतली. दोन्ही बरोबर बसतात. म्हणजे दोन्ही तीन दाबांच्याच. आमची मोठी खेप त्याच कंपनीची होती असं मला आठवतंही. माझी स्मरणशक्ती अजून शाबूत आहे. मंडळाने निरुपयोगी ठरवलेल्या माणसाला दोन महिन्यांत हे जमलं, हे त्या टायवाल्यांना जाऊन सांगावंसं वाटतं.

११ जुलै, शुक्रवार

जोडणी तीन दाबांची केली. पहिली चिप बसवली. वहिनींनी यंत्राला हळदकुंकू लावलं. मी बटण दाबलं आणि चटकन वास आला.

जळाली.

ती एका दाबाची होती. त्या वाळवीच्या पानांवर नाव असतं तर हे झालं नसतं. विकणारा चोर, छापणारे चोर. वहिनी म्हणाल्या, "असू दे, भावजी. अजून एक आहे ना?" मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

३० जुलै, बुधवार

काही नाही. रोज दुसरी चिप डबीतून काढतो आणि परत ठेवतो. हीही एका दाबाची असेल, किंवा नसेल. बसवली आणि चुकलो तर बळवंतची अक्षरं जगात कुठेच उरणार नाहीत.

रेवतीने कॉम्प्युटरवाल्याला सांगून ठेवलं आहे. फोनवर म्हणाली, "काका, तुम्ही खूप केलंत." हे वाक्य लोक दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलतात.

१२ ऑगस्ट, मंगळवार

डबासजींचा निरोप आला, फाइल आली आहे. रजिस्टर कुठे विकलं गेलं याचा धागा मिळेल म्हणून गेलो. खरं तर त्या तिघांची नावं हवी होती. नावं मिळाली की मंत्रालयात तक्रार करायची, असा मसुदा मनात तयार होता.

डबासजींनी फाइल उघडून माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले.

यादी बारा पानांची. क्रमांक ८६, घरचे नंबर रजिस्टर, एक. क्रमांक ८७, हस्तलिखित वह्या, पाच. खाली शेरा: 'निरीक्षण किया. अनुपयोगी पाया गया.' तीन सह्या. पहिली कोणा जैनची. दुसरी वाचता आली नाही. तिसऱ्या सहीखाली टाइप केलं होतं, व्ही. देवस्थली, सीनियर इंजीनियर.

सही माझीच आहे. तारीख अठरा फेब्रुवारी. शेराही माझ्याच अक्षरात आहे. मला तो दिवस आठवत नाही. काहीही आठवत नाही. चहाचा कप ठेवल्याचा गोल डाग मात्र कागदावर आहे.

"आपको पता था?" मी विचारलं.

"साहब, आप उस दिन इतने गुस्से में थे. मैं क्या बोलता?"

परतताना बसमध्ये 'हात झडोत' आठवलं आणि मी दोन्ही हात खिशात घातले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

इंदुमतीला सांगितलं. तिने चिडवलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मीनाक्षीला सांगणार ना?" मी म्हटलं, बघू.

दिवसभर ही डायरी पहिल्यापासून वाचली. किळस, किळस, किळस. बैलाची, बिल्डरची, टायवाल्यांची, पान कापणाऱ्याची. ११ मेच्या पानावर मी स्वतःच लिहून ठेवलं आहे, चाळीस सह्या, वाचण्यासारखं काय असणार. तीन महिने मी ज्या माणसाला शोधत फिरलो तो याच हस्ताक्षरात लिहितो. हे सगळं फाडून टाकावंसं वाटलं. पण कागद निकालात काढायची माझी लायकी आता उरलेली नाही.

म्हणून वाचत राहिलो आणि २ जूनला थांबलो. 'दो किसम के हैं. दोनों का पेट अलग है. बताऊं?'

ती सांगत होती. मीच तिला गप्प केलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

तिन्ही चिपा घेऊन करोल बागला गेलो. वहिनींच्या यंत्रातली मेलेली, मी मारलेली आणि उरलेली. जिना चढताना तोच वास आला. नाकाला रुमाल लावून सवयीने पुटपुटलो, "काय हा वास, शी! कसे राहतात देव जाणे."

गच्चीच्या दारातून आवाज आला, "वास हाय खरा, सायेब. पर सवय हुती."

कौशल्या. डबा मांडीवर घेऊन बसलेली. मी नाकावरचा रुमाल खाली घेतला.

"तू... तुम्ही मराठी?"

"मी इट्याकडची, तुमी विटा म्हणतासा त्ये. ह्या गल्लीतली निम्मी गलाईवाली, सोनं गाळणारी, आमच्याच मुलखातली हायत. मालक बी."

जूनमध्ये मी काय काय बोललो होतो ते एकेक शब्द आठवायला लागलं. मी म्हटलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी हिंदीत इचारलं, मी हिंदीत सांगितलं," ती म्हणाली. "मराठीत जे बोललासा, ते काय मला इचारलं नव्हतं."

तिने ते रागाने म्हटलं असतं तर मी काही उत्तर दिलं असतं. ती नुसतं सांगत होती. मी "चुकलं माझं" म्हणालो. तिने हात पुढे केला, तीच सालटं निघालेली बोटं, आणि मी तिन्ही चिपा त्या हातावर ठेवल्या.

तिने एकेक पालथी केली, नखाने वाजवली, उन्हात तिरकी धरली. मग दोन एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. "ह्या दोगी एका जातीच्या. ही निराळी. हिच्या पोटाला बारका वाटोळा खड्डा हाय, बगा. ह्या जातीत सोनं जास्त निगतंय, म्हणून आमी डबा येगळा करतो."

"नक्की?"

"हजारांनी फोडल्यात, सायेब." तिने चिप उलटून वरची बाजू पाहिली. "वरनं घासलंय कुणी मुडद्यानं. पोट घासाय इसरला, ते एक बरं केलं."

मी चिपा डबीत भरल्या.

हिशेब सोपा आहे. मी मारलेली चिप वहिनींच्या मूळ चिपच्याच जातीची होती. जोडणीला हात न लावता नुसती बसवली असती तरी यंत्र जुलैतच सुरू झालं असतं. उरलेली निराळी, म्हणजे तीन दाबांची. मी बिघडवून ठेवलेली जोडणी आता तिलाच चालेल.

२० ऑगस्ट, बुधवार

बसवली. बटण मी दाबलं नाही, वहिनींना दाबायला सांगितलं. पडद्यावर हिरवी टिंबं नाचली, स्थिरावली. वहिनींनी क पासून सुरुवात केली. ल आला, श आला. ळ आला तेव्हा त्यांनी काचेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

रेवतीही रजा काढून आली होती. म्हणाली, "काका, ही सगळी अक्षरं आधी उतरवून ठेवू या, मग यंत्र राहू दे आईकडे." मुलगी शहाणी आहे. तिघांसाठी गोड शिरा झाला. सांगायचं होतं आणि सांगितलं नाही. त्या इतक्या खुशीत होत्या, असं मी स्वतःला समजावलं. हेही किळसवाणंच आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार

स्मरणिकेची प्रुफं वाचायला वहिनींनी बोलावलं होतं. चोवीस पानं, सगळी बळवंतच्या अक्षरांत. शेवटच्या पानावर आभार. त्यात ओळ होती: 'कै. बळवंत खांबेटे यांच्या वह्या कार्यालयात जपून ठेवणारे आणि त्यांच्या यंत्राला जीवदान देणारे श्री. विनायक देवस्थळी यांचे मनःपूर्वक आभार.'

देवस्थळी. ळ सुंदर आला होता, सतराव्या वेळचा.

मी लाल पेनाने ती ओळ खोडली. वहिनी म्हणाल्या, "का हो? चुकलंय का काही?"

मग सांगितलं. अठरा फेब्रुवारी, बारा पानांची यादी, क्रमांक ८७, चहाचा डाग. नंबर कोण घासायचं तेही. काही ठेवलं नाही.

वहिनींनी प्रुफं एकावर एक लावली. खाली गल्लीत सायकलरिक्षांची कटकट चालली होती. मग म्हणाल्या, "त्या वह्या मी तुम्हाला यांच्या खाकी पिशवीत घालून दिल्या होत्या. पिशवी तरी परत आणली होतीत का?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि यंत्राकडे वळल्या. खोडलेली ओळ पडद्यावरून पुसली. "जागा मोकळी राहते," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "काय घालू?"

"कौशल्याचं नाव घाला. करोल बागच्या. चिपा तिनेच ओळखल्या."

त्यांनी टाइप केलं. श्रीमती कौशल्या. बोटं थांबली.

"आडनाव?"

मी लाल पेनाला टोपण लावलं. दोनदा भेटलो, तिसऱ्यांदा लागलं असतं तर पुन्हा गेलो असतो. ती मराठी निघाली, गावसुद्धा सांगून मोकळी झाली. एरवी मराठी माणूस भेटला की आडनाव विचारल्याशिवाय मी पाणी पीत नाही.

"विचारलं नाही," मी म्हणालो.

वहिनींनी बोटं यंत्रावरून काढून मांडीवर घेतली.

"मग विचारून या," त्या म्हणाल्या. "प्रूफ उद्या दुपारपर्यंत थांबेल. तुमच्याशी काय बोलायचं, ते मी त्यानंतर बघेन."